शहाणा कुत्रा आणि त्याची जागा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात कुत्र्याचे पिल्लू घरी आणताना घ्यायच्या काळजीविषयी लिहिले होते. त्यावर आलेली बहुतेक पत्रे दोनच गोष्टींविषयी आहेत: आमचे कुत्रे शी-शू जिथे करायची तिथे करत नाही, आणि आमचे कुत्रे हुशार आहे की हट्टी हेच आम्हाला कळत नाही. वाचक हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारतात. पशुवैद्यक म्हणून इतक्या वर्षांत मला मात्र ते कधी वेगळे करता आलेले नाहीत, कारण शी-शूची जागा ही कुत्रे स्वतःच्या बुद्धीने ठरवत असलेली रोजची पहिली गोष्ट असते. म्हणून या वेळी सगळी जागा याच पत्रांना दिली आहे. पत्रे लांब होती. त्यांतील मुद्दा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : सोसायटीच्या आवारात जन्मलेली एक गावठी पिल्ली, चिंगी, आम्ही दोन महिन्यांची असताना घरात घेतली. लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर नेऊ नका असे सांगितल्यामुळे ती गॅलरीत वर्तमानपत्रावर शी-शू करत असे. आता ती चार महिन्यांची झाली. सकाळी तिला तासभर खाली फिरवते. ती सगळे हुंगते, पण करत काहीच नाही. घरात पाऊल टाकले की मात्र पळत गॅलरीत जाऊन तिथेच करते. सासूबाई म्हणतात, ती मुद्दाम करते. रागावले की कान पाडून, नजर चुकवून कोपऱ्यात बसते, म्हणजे तिला चूक कळते. हे खरे आहे का? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : मुद्दाम नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. तिला जे शिकवले गेले तेच चिंगी करते आहे, आणि फार नेमकेपणाने करते आहे.

जन्मल्यावर पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला आपणहून शी-शू करता येत नाही. आई त्याच्या पोटाखालचा भाग जिभेने चाटते, त्या स्पर्शाने ते होते आणि आई ती जागा चाटूनच स्वच्छ ठेवते. आमच्या दवाखान्याच्या जिन्याखाली एकदा एक कुत्री व्याली होती. तिची पाच पिल्ले गोणपाटावर असत. तिसरा आठवडा सरत आला तेव्हा एका सकाळी मी तिथे थांबून पाहत होतो. त्यांतले सर्वांत थोराड पिल्लू झोपेतून उठले, डळमळत गोणपाटाच्या कडेपर्यंत आले, पुढचे दोन पाय खाली फरशीवर टाकले, मागचे ओढून घेतले, दोन पावले आणखी पुढे गेले आणि तिथे शू करून परत भावंडांच्या ढिगात शिरले. त्याला हे कोणी शिकवले नव्हते. झोपायची जागा आणि विसर्जनाची जागा वेगळी असावी ही समज कुत्रे बरोबर घेऊनच येते. आपण शिकवतो ते एवढेच की आमचे संपूर्ण घर ही झोपायची जागा आहे.

यानंतरचा टप्पा तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. साधारण आठ-नऊ आठवड्यांच्या सुमारास पिल्लाच्या पायांखाली जो पृष्ठभाग असतो तो त्याच्या मनात ‘शी-शूची जागा’ म्हणून पक्का बसत जातो. कोणाच्या बाबतीत ती माती असते, कोणाच्या बाबतीत गवत, कोणाच्या बाबतीत सिमेंट. चिंगीच्या बाबतीत नेमक्या त्याच वयापासून पुढचे दोन महिने ते वर्तमानपत्र होते. लसी पूर्ण होईपर्यंत तिला घरात ठेवण्याचा सल्ला योग्यच होता, कारण पार्व्हो आणि डिस्टेंपर हे रोग पिल्लाचा जीव घेतात. पण त्याची ही किंमत नंतर चुकवावी लागते. तासभर ती खाली हिंडते ते तिच्या दृष्टीने जगाची ओळख करून घेणे असते, आणि शू लागली की ती जागा शोधते; जागा सापडत नाही, म्हणून ती थोपवून धरते आणि घरी येऊन ‘योग्य’ ठिकाणी मोकळी होते. एवढा संयम चार महिन्यांच्या पिल्लाने दाखवावा याचे मला तरी कौतुक वाटते.

आता उपाय. गॅलरीतला तिने शू केलेला एक कागद खाली न्या, मातीच्या किंवा गवताच्या एका ठरावीक कोपऱ्यात ठेवा आणि वर दगड ठेवा. झोपून उठल्या उठल्या, खाणे झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी आणि खेळून दमल्यावर तिला थेट त्या कोपऱ्यात न्या. पट्टा हातात धरून एका जागी उभ्या राहा, फिरवू नका, बोलू नका. तिने बसकण मारली की एकच शब्द हळू आवाजात म्हणा. ‘शू कर’ म्हणा किंवा दुसरे काही, पण शब्द रोज तोच असावा. ब्रिटनमध्ये अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांना याच रीतीने ‘बिझी बिझी’ या शब्दांवर मोकळे व्हायला शिकवतात, म्हणजे मालकाला जागा दिसत नसली तरी अडचण होत नाही. काम झाल्याबरोबर, दोन सेकंदांच्या आत, तिथेच खाऊ द्या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काम झाल्यावर लगेच घरी आणू नका. खरी फेरी त्यानंतर सुरू करा. अनेक घरांत कुत्र्याने शी केली की लगेच पट्टा ओढून परत फिरतात. कुत्रे दोन-चार दिवसांत शिकते की शी केली की मजा संपते, आणि मग ते शी लांबवत राहते. खालचा कागद दर दोन-तीन दिवसांनी फाडून लहान करत जा. दिवसा या वयात तीन ते चार तासांहून अधिक काळ तिने धरून ठेवावे अशी अपेक्षा करू नका; जितके महिने वय तितके तास, हा ढोबळ हिशेब आहे.

गॅलरी केवळ फिनेलने पुसू नका. कुत्र्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी जातीनुसार बारा ते तीस कोटींपर्यंत असतात, माणसाच्या नाकात सुमारे पन्नास-साठ लाख. फिनेलच्या उग्र वासाखाली लघवीचा वास आपल्यापुरता झाकला जातो, तिच्यापुरता नाही. अमोनिया असलेली द्रव्ये तर वापरूच नयेत, कारण तो वास लघवीच्याच जातीचा असतो. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइम असलेले द्रव मिळते ते वापरावे. ते न मिळाल्यास पाण्यात व्हिनेगर घालून पुसावे आणि ऊन दाखवावे.

सासूबाईंचा मुद्दा राहिला. कान पाडणे, नजर चुकवणे हे आपण अपराधाची कबुली म्हणून वाचतो. २००९ साली न्यूयॉर्कच्या बार्नर्ड कॉलेजातील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी चौदा पाळीव कुत्र्यांवर यासंबंधी एक साधा प्रयोग केला. मालकाने खाऊ समोर ठेवून ‘खायचा नाही’ असे बजावून खोलीबाहेर जायचे. त्याच्या मागे कधी कुत्र्याला तो खाऊ मिळे, कधी तो उचलून ठेवला जाई, आणि परत आलेल्या मालकाला काय घडले ते कधी खरे तर कधी खोटे सांगितले जाई. तो अपराधी चेहरा कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही यावर ठरत नव्हता. मालक रागावला की तो दिसे, आणि ज्यांनी आज्ञा पाळली होती तरीही बोलणी खाल्ली अशा कुत्र्यांत तो अधिक ठळक दिसला. चिंगी कोपऱ्यात बसते ती तुमचा चढलेला आवाज ऐकून. तिला एवढेच समजते की गॅलरीत शी पडलेली असताना घरची माणसे भयंकर होतात, आणि यातून ती उद्या पलंगाखाली जाऊन करायला शिकेल. कृपा करून सासूबाईंना हे वाचून दाखवा.

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो. आमची चार वर्षांची कुत्री सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसात घरात एकटी असते आणि या वेळात एक थेंबही सांडत नाही. बाथरूममध्ये ट्रे ठेवला तरी वापरत नाही. सगळे तिला शहाणी म्हणतात. पावसाळ्यात मात्र ती बाहेर गेल्यावरही करत नाही आणि कधी कधी अठरा-वीस तास जातात. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ती शहाणी आहे यात शंका नाही, पण साडेअकरा तास हे तिच्या शहाणपणाला पडलेले ओझे आहे.

कुत्रे या बाबतीत किती टोकाला जाऊ शकते याचे एक उदाहरण इतिहासात नोंदलेले आहे. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने ‘स्पुटनिक २’मधून लायका या कुत्रीला अंतराळात पाठवले. लायका मॉस्कोच्या रस्त्यावरची भटकी कुत्री होती. थंडी आणि उपासमार सोसलेली कुत्री अधिक काटक असतात म्हणून भटकी निवडली जात, आणि कुत्रीच निवडली जाई, कारण तिला पाय वर करावा लागत नाही आणि विसर्जनाचे उपकरण तिला बसवणे सोपे जाते. यानाच्या अरुंद जागेची सवय व्हावी म्हणून या कुत्र्यांना वीस वीस दिवस क्रमाने लहान होत जाणाऱ्या पिंजऱ्यांत ठेवले गेले. त्या कोंडमाऱ्यात त्यांचे मलमूत्रविसर्जनच थांबले. ती अस्वस्थ झाली, प्रकृती खालावली, रेचके दिली तरी उपयोग झाला नाही. पुष्कळ दिवसांच्या सरावानंतरच शरीर तयार झाले. आपल्या बसायच्या जागी घाण करायची नाही ही कुत्र्याची आतली धारणा किती खोल असते हे त्या प्रयोगशाळेत दिसले. लायका परतली नाही. परत आणण्याची सोय त्या यानात नव्हतीच, आणि हे वाचताना मला दर वेळी वाईट वाटते.

तुमच्या कुत्रीने ट्रे नाकारला तो याच कारणाने. बाथरूम तिच्या मते घराचा भाग आहे. प्रौढ कुत्र्याने सहा ते आठ तास धरणे ठीक आहे. त्याहून अधिक काळ रोज धरावे लागले तर मूत्रमार्गाचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते, आणि अशी कुत्री पाणीच कमी पिऊ लागतात. दुपारी एकदा कोणीतरी येऊन तिला खाली नेईल अशी व्यवस्था करा; ओळखीच्या एखाद्या महाविद्यालयीन मुलाला हे काम दिले तर दोघांचेही भले होते. पावसाळ्यासाठी इमारतीतील छपराखालची एक जागा, वाहनतळाची मातीची कड असली तरी चालेल, उन्हाळ्यातच ठरवून घ्या आणि तिथे तिच्या शूचा वास राहू द्या. भिजलेल्या जमिनीवर जुने वास धुऊन जातात आणि ओळखीचा वास हीच तिची खूण असते. तिला पावसाचा कंटाळा असेल, पण त्याहून अधिक म्हणजे तिची जागा हरवलेली असते.

प्रश्न : आमच्या मळ्यात कारवानी कुत्रा आहे. ‘बस’ म्हटले की बसायला शिकवून दोन महिने झाले, तो मान वळवून लांब बघत राहतो. ससा उठला तर हाकेला ओ देत नाही. मुंबईच्या भाच्याचा लॅब्रेडॉर आठवड्यात सगळे शिकला. कुत्र्यांच्या बुद्धीची जी क्रमवारी सगळीकडे दाखवतात तीत आमच्या कुत्र्यासारखी लांबट तोंडाची शिकारी कुत्री अगदी खाली असतात. आमचा कुत्रा मंद आहे का? बाकी त्याचा त्रास काही नाही. रोज पहाटे आपला आपण बांधापलीकडे जाऊन येतो, अंगणात कधी घाण केली नाही. (एक वाचक, जत, जि. सांगली)

उत्तर : तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे, मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. अंगण कुठे संपते, बांध कुठे आहे, माणसांचा वावर कुठवर आहे हे त्याने पाहून ठरवले आणि आपली जागा त्यापलीकडे ठेवली. भाच्याच्या लॅब्रेडॉरला हे पट्ट्याला धरून शिकवावे लागले असेल.

ती क्रमवारी १९९४ साली कॅनडातील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी प्रसिद्ध केली. अमेरिका आणि कॅनडातील आज्ञापालनाच्या स्पर्धांचे सुमारे दोनशे परीक्षक यांच्या मतांवर ती बेतलेली आहे. बॉर्डर कोली पहिला, पूडल दुसरा, जर्मन शेफर्ड तिसरा आणि अफगाण हाउंड शेवटचा. परंतु कोरेन यांनीच कुत्र्याच्या बुद्धीचे तीन भाग सांगितले आहेत: ज्या कामासाठी ती जात घडली त्या कामाची उपजत बुद्धी, स्वतः अनुभवातून प्रश्न सोडवण्याची बुद्धी, आणि माणसाच्या आज्ञा शिकण्याची बुद्धी. क्रमवारी केवळ तिसऱ्या भागाची आहे. लोकांनी पहिले दोन भाग गाळले आणि आज्ञाधारकपणालाच बुद्धी हे नाव दिले.

आज्ञा आणि शब्द शिकण्यात काही कुत्री थक्क करतात हे खरे आहे. अमेरिकेतील प्राध्यापक जॉन पिली यांच्या चेसर नावाच्या बॉर्डर कोलीने १,०२२ खेळण्यांची नावे शिकली होती. पण मेंढ्या वळवणारा कुत्रा धनगराच्या शिटीकडे कान लावूनच काम करतो. शेकडो वर्षे त्याची निवड त्यासाठीच झाली. कारवानी हा नजरेने शिकार करणारा कुत्रा आहे. सोलापूर, सांगली, कोल्हापूर, लातूर या पट्ट्यात आणि कर्नाटकात मुधोळ परिसरात तो पिढ्यान्पिढ्या जोपासला गेला. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्याला राजाश्रय दिला. मोकळ्या माळावर भक्ष्य दिसले की निर्णय त्या क्षणी त्यानेच घ्यायचा असतो. मागे वळून मालकाची परवानगी विचारणारा कुत्रा उपाशी राहिला असता.

मागे वळून पाहणे ही गोष्ट संशोधकांनीही तपासली आहे. बुडापेस्टच्या आदाम मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली माणसांनी हाताने वाढवलेले लांडगे आणि पाळीव कुत्री यांना एकाच युक्तीने खाऊ काढायला शिकवले आणि नंतर ती युक्ती चालणार नाही अशी व्यवस्था केली. कुत्री लवकरच थांबून माणसाच्या चेहऱ्याकडे पाहू लागली. लांडगे झटत राहिले. माणसाकडे पाहणे ही कुत्र्याची मोठी देणगी आहे, तिच्यामुळेच तो आपला झाला. पण स्वतः झटत राहणे हीही बुद्धीच आहे, आणि तुमच्या कारवान्यात तिचा अंश अधिक शिल्लक आहे.

त्याला ‘बस’ शिकवण्याचा हट्ट सोडा. या बांध्याच्या, पातळ कातडीच्या कुत्र्यांना कडक जमिनीवर बसणे सुखाचेही नसते. ‘ये’ ही एकच आज्ञा मात्र शिकवा, रोज खाण्याच्या वेळी, थोड्या अंतरावरून हाक मारून. आणि सशामागे त्याला सोडू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाची शिकार हा गुन्हा आहे. दौड हवी असेल तर कुंपण असलेल्या रानात त्याला मोकळे सोडा.

प्रश्न : कुत्री शी करताना उत्तर-दक्षिण दिशेत उभी राहतात असे ऐकले. खरे आहे का? आणि शी करण्याआधी गोल का फिरतात? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : चेक आणि जर्मन संशोधकांनी ३७ जातींच्या ७० कुत्र्यांच्या दोन वर्षांत १,८९३ वेळा शी आणि ५,५८२ वेळा शू करतानाच्या दिशा नोंदवल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध केल्या. कुत्री पट्ट्याविना मोकळी असताना आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र शांत असताना ती शी करताना उत्तर-दक्षिण अक्ष पसंत करतात असे त्यांना आढळले. क्षेत्र इतके शांत दिवसाच्या उजेडाच्या जेमतेम पाचव्या हिश्शात होते, म्हणून तुमच्या कुत्र्याची दिशा होकायंत्राने तपासायला गेलात तर बहुतेक वेळा काहीच आढळणार नाही. या संशोधनाला पुढच्या वर्षी ‘इग नोबेल’ मिळाले. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाला ते देतात. चेक संशोधकांनीच पुढे जंगलात मोकळ्या सोडलेल्या शिकारी कुत्र्यांच्या अंगावर जीपीएस बसवून पाहिले, तेव्हा परतताना काही कुत्री आधी सुमारे वीस मीटर उत्तर-दक्षिण धावून मग मालकाच्या दिशेने वळत असल्याचे दिसले, आणि अशी धाव घेणारी कुत्री अधिक थेट वाटेने परतली. दिशा ओळखण्याची ही शक्ती त्यांच्यात असावी असे मानायला यामुळे अधिक बळ मिळते.

गोल फिरताना कुत्रे पायांनी जमीन चाचपते, वास घेते आणि आजूबाजूला कोणी नाही ना हे पाहते, कारण त्या अवस्थेत त्याला पळता येत नाही. तुमचे कुत्रे त्या वेळी तुमच्याकडे टक लावून पाहत असेल तर ते विश्वासाने पाहते; तुम्ही पहाऱ्यावर आहात असे ते धरून चालते. नंतर मागच्या पायांनी माती उडवते ते झाकण्यासाठी नव्हे. बोटांमधल्या ग्रंथींचा वास त्या ओरखड्यांत राहतो आणि निरोप अधिक ठळक होतो.

प्रश्न : स्टेशनवरची भटकी कुत्री माणसांबरोबर पुलावरून रूळ ओलांडतात. ती खरोखर विचार करतात की केवळ घोळक्यामागे चालतात? माझे सहप्रवासी म्हणतात की ती घाण करतात, एवढेच त्यांचे कर्तृत्व. (एक वाचक, कल्याण)

उत्तर : सहप्रवाशांना इस्तंबूलच्या बोजीची हकिगत सांगा. २०२१ साली हा मोठा, तपकिरी-काळसर भटका कुत्रा त्या शहरातील मेट्रो, ट्राम आणि बोटींतून एकटा प्रवास करताना दिसू लागला. डब्याच्या चाकांच्या सांगाड्यावरची, थरथरणारी जागा त्याला आवडे, म्हणून त्या सांगाड्याचेच ‘बोजी’ हे नाव त्याला पडले. महापालिकेने त्याची तपासणी केली, लसी टोचल्या आणि गळ्यात मागोवा घेणारे यंत्र बांधले, तेव्हा तो दिवसाकाठी तीस किलोमीटरपर्यंत फिरतो असे कळले. उतरणाऱ्यांना आधी उतरू देऊन मग तो चढे. त्याच नोव्हेंबरमध्ये एका ट्रामच्या आसनावर कुत्र्याची विष्ठा सापडली आणि बोट बोजीकडे दाखवले गेले. कॅमेऱ्यातील चित्रण पाहिले तेव्हा दिसले की एका माणसाने ती खिशातून काढून आसनावर ठेवली होती. बोजी निर्दोष होता. मला या हकिगतीत नवल वाटते ते त्या माणसाच्या दुष्टाव्याचे. बोजीचे वाटत नाही, कारण ज्याला डब्यात बसून राहायचे आहे असे कुत्रे तिथे सहसा घाण करत नाही. मॉस्कोच्या मेट्रोतील भटक्या कुत्र्यांचाही असाच लौकिक आहे. तिथल्या मेंदेलेयेव्स्काया स्थानकात मालचिक नावाच्या भटक्या कुत्र्याचा पुतळा २००७ सालापासून उभा आहे.

आपल्या देशातही या कुत्र्यांवर चांगले काम होते आहे. कोलकात्याच्या ‘आयसर’ संस्थेतील अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा त्यांच्याच परिसरात अभ्यास करतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन झाकलेल्या वाडग्यांपैकी एकाकडे अनोळखी माणसाने बोट दाखवायचे होते. जवळजवळ निम्मी कुत्री भीतीने जवळच आली नाहीत, त्यांना माणसांचा आलेला अनुभव तसा असणार. पण जी आली त्यांच्यापैकी सुमारे ऐंशी टक्क्यांनी बोटाची दिशा ओळखली. त्यांना हे कोणत्याही प्रशिक्षकाने शिकवलेले नव्हते. याच गटाच्या दुसऱ्या एका अभ्यासात अनोळखी माणसाशी पुन्हा पुन्हा गाठ पडल्यावर कुत्र्यांनी खाण्यापेक्षा डोक्यावरून फिरणाऱ्या हाताला अधिक ओढीने प्रतिसाद दिला. तेव्हा पुलावरची कुत्री घोळक्यामागे चालत असतील, तरी कोणत्या घोळक्यामागे केव्हा चालायचे हे ती पाहून शिकलेली आहेत.

प्रश्न : कुत्र्याची विष्ठा परसबागेत खत म्हणून टाकली तर चालते का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : भाजीपाल्याला मुळीच नाही. गाईम्हशींचे शेण गवताचे असते; कुत्र्याच्या विष्ठेत गोलकृमींची अंडी असू शकतात, ती मातीत काही आठवड्यांत संसर्गक्षम होतात आणि पुढे दीर्घकाळ टिकतात. मातीत खेळणाऱ्या मुलांना त्यांचा धोका अधिक असतो. ताजी विष्ठा त्याच दिवशी कागदाने उचलून खोल पुरावी किंवा कचऱ्यात द्यावी, आणि कुत्र्याला जंतांचे औषध वेळेवर द्यावे. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू लघवीतून साचलेल्या पाण्यात पसरतात, म्हणून कोकणातील वाचकांनी या रोगाची लस कुत्र्याला दरवर्षी टोचून घ्यावी.

प्रश्न : आमचा वाघ्या तेरा वर्षांचा आहे. आयुष्यभर त्याने घरात एकदाही घाण केली नाही. गेल्या महिन्यापासून झोपेत गादी ओली करतो, रात्री उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. मुले चिडतात. आम्ही काय करावे? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : ताई, आधी मुलांना सांगा की वाघ्याने सवय मोडलेली नाही, त्याचे शरीर त्याला साथ देत नाही. झोपेत गादी ओली होते तेव्हा त्याला ते कळतही नसते आणि जागा झाल्यावर ओले पाहून तोच गोंधळतो.

या आठवड्यातच त्याची लघवी आणि रक्त तपासून घ्या. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, मूत्राशयाचा संसर्ग, मुतखडा, प्रोस्टेटची वाढ, पाठीच्या कण्याचे दुखणे यांपैकी काहीही असू शकते, आणि यांतल्या अनेकांवर उपचार आहेत. तो पाणी पूर्वीपेक्षा जास्त पितो का, हे तांब्याने मोजून लिहून न्या. डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो. कुंथूनही थेंब पडत नसेल तर मात्र सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखाना गाठा. भिंतीकडे तोंड करून उभे राहणे, रात्री जागणे, ओळखीच्या खोलीत वाट चुकणे ही म्हाताऱ्या कुत्र्यांतील स्मृतिभ्रंशाची लक्षणे असतात. तो पूर्ण बरा होत नाही, पण औषधाने आणि ठरलेल्या दिनक्रमाने दिवस सुखाचे होतात.

घरात रात्री मंद दिवा ठेवा, फरशीवर पाय घसरू नयेत म्हणून त्याच्या अंथरुणापासून दारापर्यंत सतरंजी अंथरा, झोपण्यापूर्वी आणि पहाटे त्याला आधार देऊन बाहेर न्या. गादीवर प्लास्टिक आणि त्यावर धुता येणारी जुनी गोधडी घाला. ओल्या गादीवर पडून राहिल्याने कातडी सोलवटते, तेव्हा मांड्या कोमट पाण्याने पुसून कोरड्या करा. त्याच्याशी बोलत राहा. ऐकू कमी येत असले तरी हात लागलेला कळतो.

प्रश्न : दाराला खाली घंटा बांधून कुत्रीला ती वाजवायला शिकवले. आठवड्यात शिकली. आता दिवसातून वीस वेळा वाजवते आणि खाली जाऊन नुसती हुंगत बसते. घंटा काढून टाकू का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : काढू नका. घंटा वाजली की दार उघडते हा नियम तिने बरोबर शोधला आहे. ‘शू लागली तरच’ ही अट तिला अजून कोणी सांगितलेली नाही. घंटा वाजली की प्रत्येक वेळी उठा, पण पट्टा लावून थेट तिच्या जागेवर न्या आणि पाच मिनिटे स्तब्ध उभे राहा. केले तर खाऊ आणि फेरी. नाही केले तर न रागावता घरी. हिंडायला जाण्याची वेगळी खूण ठेवा. पट्टा खुंटीला असतो तिथे तिला जाऊन बसायला शिकवा, आणि दिवसातून दोन वेळा त्या मागणीला होकार द्या. उरलेल्या वेळी नाही म्हणालात तरी चालेल. दोन-तीन आठवड्यांत घंटेचा आवाज कमी होईल. मात्र ती अवेळी, रात्री दोन वाजता घंटा वाजवू लागली तर ऐकून पडून राहू नका. तेव्हा बहुधा तिचे पोट बिघडलेले असते.